दुसरा बहर

(दृश्य : सीताबर्डी मेन रोड, भर दुपार. अर्धी ओढलेली शटरं. फूटपाथवर रचलेल्या कूलरच्या ताट्या.)

२७ एप्रिल २००७. या दिवसांत नागपुरात दुपारी बारा ते चार कामाशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळून बर्डीवर आलेला माणूस एक तर कूलरची मोटर शोधत असतो, नाही तर वाळ्याची ताटी. नेमक्या त्याच दिवशी सोनीनं भारतात प्लेस्टेशन ३ विकायला काढलं. किंमत ३९,९९० रुपये. टीव्हीवर गेम खेळण्यासाठी त्याखाली ठेवायचा एक काळा डबा, आणि भाव साध्या मोटारसायकलीचा. बाप्पा!

हा डबा आपल्याकडे पोचला तोवर अमेरिकेत त्याचा पहिला बहर ओसरला होता.

(दृश्य : जुन्या बातम्यांची कात्रणं.)

तिकडे तो आला १७ नोव्हेंबर २००६ ला, ४९९ आणि ५९९ डॉलरला. दुकानांबाहेर लोक तंबू ठोकून झोपले. त्या रांगांचे फोटो जगभर फिरले आणि माल हातोहात जातोय असं सगळ्यांनी धरून चाललं. पण मुळात माल होता कुठे? या डब्याचे गेम ब्लू-रे डिस्कवर यायचे, आणि ती डिस्क वाचायला लागणारे निळे लेसर डायोड पुरेसे बनत नव्हते. त्यापायी युरोपला तर मार्च २००७ पर्यंत थांबावं लागलं. लाँचच्या रांगेवरून खप ठरवणं म्हणजे टँकरभोवतीची गर्दी पाहून गावात पाणी किती ते सांगणं.

मग महिन्यामहिन्याचे आकडे यायला लागले. अमेरिकेतला खप मोजणाऱ्या एनपीडीच्या हिशेबात डिसेंबरमध्ये ४ लाख ९१ हजार डबे गेले. जानेवारीत २ लाख ४४ हजार. फेब्रुवारीत १ लाख २७ हजार. आणि एप्रिलमध्ये, म्हणजे आपल्याकडे खोकी उघडली त्याच महिन्यात, अवघे ८२ हजार. प्रतिस्पर्धी निन्टेन्डो कंपनीचं अडीचशे डॉलरचं गेमयंत्र ‘वी’ त्या महिन्यात ३ लाख ६० हजार खपलं. पण खरी थप्पड बसली ती घरच्याचीच. २००० सालचं प्लेस्टेशन २ एप्रिलमध्ये १ लाख ९४ हजार गेलं! थोरल्यानं धाकट्याला दुपटीनं मागे टाकलं.

बरं, एवढा भाव लावून सोनी कमावत होती म्हणावं, तर तेही नाही. आयसप्लाय या कंपनीनं यंत्र खोलून आतल्या भागांची किंमत मांडली, ती ८०० डॉलरच्या वर गेली. डबा तोट्यात द्यायचा आणि गेमच्या डिस्कवर भरून काढायचं, हा या धंद्याचा जुना हिशेब. पण डबाच घरात आला नाही, तर डिस्क कोण घेणार?

(दृश्य : मोहल्ल्यातली एक खोली. दोन टीव्ही, सहा पोरं, दाराशी चपलांचा ढीग.)

नागपूरनं काय केलं? थांबलं. प्लेस्टेशन २ काही घरांत होतं. बाकीच्यांची त्या घरांतल्या पोरांशी दोस्ती होती. नाही तर तासाचे पैसे देऊन खेळायची खोली होतीच. एका डब्यावर अख्खा मोहल्ला खेळायचा, आणि कंपनीच्या वहीत त्याची नोंद एक! म्हणून खपाचा आकडा पाहून अमुक शहराला गेमचा शौक नाही म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. २००९ साली ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा भारतात बनलेला गेम आला, तोही प्लेस्टेशन २ साठी. नवं यंत्र देशात येऊन दोन वर्षं झाली होती, पण गिऱ्हाईक कुठल्या डब्यापुढे बसलंय हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

(दृश्य : संत्र्याची बाग. तडकलेली जमीन, मलूल पानं.)

संत्र्याच्या बागायतदाराला मृग बहर, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचा फुलोरा, धरायचा असला, की तो उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, पाहणाऱ्याला वाटतं झाड गेलं. पाऊस पडला की फूल येतं.

प्लेस्टेशन ३ चा ताण जवळपास तीन वर्षं चालला. दरम्यान चिप लहान होत गेल्या, आतले भाग स्वस्त झाले. सप्टेंबर २००९ मध्ये सडपातळ मॉडेल २९९ डॉलरला दुकानांत होतं. ऑगस्टचा अमेरिकेतला खप २ लाख १० हजार होता, सप्टेंबरचा निघाला ४ लाख ९१ हजारांच्या पुढे. ज्याला सगळ्यांनी मेलेलं धरलं होतं, ते यंत्र शेवटी जगभरात ८ कोटी ७० लाखांवर गेलं.

निन्टेन्डोनं २०११ मध्ये हेच सहा महिन्यांत उरकलं. थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा डबा २५० डॉलरवरून १७० वर आणला, आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला.

नागपूरसारखं शहर या दुसऱ्या बहराचं गिऱ्हाईक. थांबायचं, भाव उतरला की डबा घ्यायचा.

(दृश्य : आजची बर्डी. वरून मेट्रो जाते. काचेआड पांढरी खोकी.)

प्लेस्टेशन ५ भारतात आलं २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. त्याआधी जानेवारीतलं बुकिंग काही मिनिटांतच संपलं. थांबणारे नेहमीप्रमाणे थांबले. नोव्हेंबर २०२२ मध्ये किंमत बदलली. झाली ५४,९९०. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चे ५५० डॉलर झाले. चिप आता पूर्वीसारख्या वर्षागणिक स्वस्त होत नाहीत, हे एक कारण. दुसरं असं की सप्टेंबर २०२५ पर्यंत हे यंत्र ८ कोटी ४० लाखांच्या पुढे खपलं होतं. पहिला बहर सुकलाच नाही, तर दुसऱ्यासाठी पाणी कोण तोडणार?

(निन्टेन्डोचं नवं गेमयंत्र ‘स्विच २’ जून २०२५ मध्ये चार दिवसांत ३५ लाखांवर गेलं. त्यातलं नागपूरला आलंच असेल, तर कुणाच्या तरी काकाच्या बॅगेतून. कंपनी ते भारतात विकतच नाही.)

(दृश्य : काउंटर. एक वडील, शेजारी दहावीतला मुलगा.)

“दिवाळीपर्यंत थांबलो तं कमी होईन का, भाऊ?”

दुकानदार हसतो. “चार-पाच दिवस ऑफर राहीन. मंग पुन्हा जागेवर.”

मुलगा काहीच बोलत नाही. दुकानदार खाली वाकतो आणि काचेच्या खालच्या कप्प्यातून एक वापरलेलं प्लेस्टेशन ४ काढून काउंटरवर ठेवतो. वडील ते उचलतात, उलटं करून पाहतात, फुंकर मारून मागची धूळ उडवतात.

“याच्यासंग कंट्रोलर दोन भेटन का?”