निळ्या दिव्याखाली उमटलेली पानं

[दृश्य : कोमट तेलाची वाटी. पाटावर बसलेली आजी, तिच्या लांब केलेल्या पायांवर पालथं बाळ.]

बाळ सहा महिन्यांचं. तेल चोळता चोळता आजीचा हात पाठीवर थांबतो. डाव्या खांद्याखाली एक फिकट डाग आहे. एका टोकाला गोलसर, दुसऱ्या टोकाला निमुळता, पानासारखा. कमरेपाशी आणखी एक. मांडीवर तिसरा.

घर कुठलंही धरा. नाव नको, गाव नको. कारण पुढचा प्रश्न घरोघरी तोच असतो आणि तो आवाज खाली आणूनच विचारला जातो : "कोड तर नाही ना गं?"

कोड नाही. कोडाचा डाग बहुधा मागाहून उमटतो आणि खडूसारखा पांढराफटक होत जातो. हा जन्मापासूनचा, नुसता रंग उतरल्यासारखा. गोऱ्या बाळाच्या अंगावर तर दिवसाउजेडी दिसतही नाही. (आणि कोड असतं, तरी कुजबुजण्यासारखं त्यात काय होतं? असो.)

घर सुस्कारा सोडतं. पण त्याच घरात, त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट चाललेली असते. बाळ झोपेतून उठलं की एकदम मान पुढे टाकतं, हात वर उडतात, पाय पोटाशी येतात. क्षणभरच. मग सैल पडतं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. दहा-बारा वेळा लागोपाठ, आणि शेवटी रडतं. दचकतंय, म्हणतात. पोटात दुखत असेल म्हणून बेंबीभोवती हिंग लावतात. दृष्टही काढून होते.

ही आकडी आहे. तोंडाला फेस नाही, डोळे पांढरे नाहीत, म्हणून ती आकडी वाटत नाही. बहुतेक बाळांत ती तिसऱ्या ते आठव्या महिन्यात सुरू होते. दवाखान्यात नेलं की नेमकी येत नाही. तेव्हा मोबाइल उशाशी ठेवा आणि बाळ उठताना व्हिडिओ घ्या. त्या अर्ध्या मिनिटात डॉक्टरांना जे दिसतं, ते तासभर वर्णन करून सांगता येत नाही. आणि इथे दिवस मोजावे लागतात. उपचार जितका लवकर, तितकं मुलाचं पुढचं शिकणं, बोलणं सावरण्याची आशा जास्त.

डाग आणि हे दचकणं एकाच आजाराच्या खुणा असू शकतात. अडचण एकच. डाग दाखवायचा कातडीच्या डॉक्टरांना आणि दचकणं सांगायचं बाळाच्या डॉक्टरांना. दोन्ही गोष्टी एका दमात कुणी सांगतच नाही.

[दृश्य : अंधार केलेली तपासणी-खोली. वुड्स लॅम्पचा निळसर-जांभळा उजेड.]

खोलीतला दिवा मालवतात आणि हा अतिनील किरणांचा दिवा पाठीवरून फिरवतात. पानं उजळून दिसू लागतात. घरी तीन मोजली होती, इथे सात भरतात. एखाददुसरा असा डाग धडधाकट मुलांतही सापडतो, त्यानं घाबरू नये. तीन किंवा जास्त असले, की मात्र मेंदूचा एमआरआय, हृदयाची आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी असं सगळं पाहावं लागतं.

आजाराचं नाव ट्यूबरस स्क्लेरोसिस. साधारण ६,००० जन्मांमागे एक.

[दृश्य : पॅरिसमधल्या साल्पेत्रिएर रुग्णालयाचं जुनं चित्र.]

'ट्यूबर' म्हणजे कंद. १८८० साली बूर्नव्हिल या फ्रेंच डॉक्टरनं पंधरा वर्षांच्या एका मुलीची हकिगत छापली. लहानपणापासून आकड्या, आणि त्यातच मृत्यू. शवविच्छेदनात मेंदूच्या घड्यांमध्ये पांढरट, टणक गाठी मिळाल्या, बटाट्यासारख्या घट्ट. मूत्रपिंडांतही गाठी होत्या. मुलीच्या नाकागालांवर पुरळ होतं, तेही त्यानं इमानानं टिपून ठेवलं. सगळं एकाच कागदावर आलं, फक्त धागा जुळला नाही. चेहऱ्यावरच्या पुरळाची आणि मेंदूची सांगड १९०८ मध्ये जर्मन डॉक्टर फोग्ट यांनी घातली. पाठीवरचा पानासारखा डाग हीच डोळ्यांना दिसणारी सर्वांत पहिली खूण, हे अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी ठळकपणे मांडलं ते १९६८ साली. आजीच्या हाताला जे सहाव्या महिन्यात लागलं, ते पुस्तकात यायला एवढी वर्षं गेली.

कातडी आणि मेंदू, यांचा संबंध काय? सख्खी भावंडं आहेत ती. गर्भ तिसऱ्या आठवड्यात असताना त्याचे तीन थर होतात. सर्वांत बाहेरच्या थरातून कातडी बनते, आणि त्याच थराचा एक पट्टा आत वळून मेंदू आणि मज्जारज्जू होतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशीही त्या वळणाच्या काठावरूनच निघालेल्या.

बिघाड दोन जनुकांपैकी एकात असतो. एक सोळाव्या गुणसूत्रावर, १९९३ साली सापडलं. दुसरं नवव्यावर, १९९७ साली. दोघांची प्रथिनं मिळून पेशीच्या वाढीला ब्रेक लावतात. एकानं पाय काढला की ब्रेक सुटला.

[दृश्य : रापा नुई, म्हणजे प्रशांत महासागरातलं ईस्टर बेट. समुद्राकडे पाठ करून उभे दगडी पुतळे.]

त्या ब्रेकवर पाय द्यायचं औषध मात्र आधीच सापडलेलं होतं, भलत्याच कामासाठी. १९६४ च्या अखेरीस कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम या बेटावर आली आणि जाताना मातीचे नमुने घेऊन गेली. मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या एका जिवाणूपासून बुरशी मारणारा पदार्थ वेगळा केला. बेटाच्या नावावरून तो रापामायसिन. १९८३ मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाली, काम गुंडाळलं गेलं. सेहगलांनी जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. वर चिठ्ठी होती, खाऊ नका म्हणून.

पुढे ते मूत्रपिंडरोपणाचं औषध झालं, १९९९ मध्ये. हे औषध पेशीत जिथे जाऊन बसतं, तिथेच आपला तो सुटलेला ब्रेक लागायचा असतो, हे नंतर उमगलं. २०१० मध्ये त्याचाच भाऊबंद एव्हरोलिमस या आजारातल्या मेंदूच्या एका गाठीसाठी अमेरिकेत मंजूर झाला. गाठ आक्रसते. औषध थांबवलं की पुन्हा वाढू शकते. जनुक दुरुस्त होत नाही.

[दृश्य : पुन्हा तपासणी-खोली. मोठा दिवा लागतो. पाठीवरची पानं दिसेनाशी होतात.]

"हिनं ग्रहण पाळलं नाही," आजी सुनेकडे न बघता म्हणते. डॉक्टर उत्तर देत नाहीत. सुमारे दोन तृतीयांश मुलांत जनुकातला हा बदल नव्यानंच झालेला असतो, आईबापांकडून आलेला नसतो. उरलेल्यांत तो दोघांपैकी एकाकडून येतो आणि कधी इतका सौम्य, की त्या माणसाला पत्ताच नसतो.

म्हणून डॉक्टर बाळाच्या वडिलांना बूट-मोजे काढायला सांगतात.

डाव्या पायाच्या अंगठ्याला, नखाच्या कडेनं, मांसाचा लालसर कोंब आला आहे.

"हे होय? ठेच लागली होती कधीतरी," वडील म्हणतात. "दर वेळी कापतो, परत येतं."

आजी खाली वाकून बघते.