पेल्यातल्या फोनपासून महालक्ष्मीच्या मैदानापर्यंत

[दृश्य: वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं शेत, शेवटची वेचणी. धुऱ्यावर स्टीलचा पेला, पेल्यात उभा केलेला मोबाईल.]

पेल्यात मोबाईल ठेवला की आवाज वाढतो. गिटार खणखणते, गायकाचे शब्द पऱ्हाटीच्या चार ओळी ओलांडून ऐकू येतात. बास गिटारचा खर्जातला आवाज मात्र येत नाही.

चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. हवेत त्या स्वराची एक लाट आठ मीटरहून लांब असते. मोबाईलचा स्पीकर नखाएवढा, एवढी हवा हलवणं त्याला जमतच नाही. पेला वाढवतो तो वरचा आवाज. तरी गाणं अर्धवट वाटत नाही. त्याच तारेतून ८२, १२३ असे वरचे कंपही निघतात आणि ते ऐकून मेंदू खालचा गाळलेला स्वर स्वतःच भरून घेतो. म्हणजे गावातल्या चाहत्याने आपल्या लाडक्या बॅण्डचा बास वर्षानुवर्षं अंदाजानेच ऐकलेला असतो.

वरातीत डीजेपुढे छाती हादरते हे खरं, पण तिथे बहुतेक वेळा एकच ठोका घुमत राहतो. नीट लावलेल्या मैदानी साउंडमध्ये पायाने वाजणारा मोठा ड्रम वेगळा कळतो आणि बासचा एकेक स्वर वेगळा, बरगड्यांना. तो ऐकायला मोठ्या बॅण्डच्या मैदानी कार्यक्रमाला जायचं आहे.

[दृश्य: तालुक्याच्या बसस्थानकावर मोबाईलकडे बघणारी दोन पोरं.]

परदेशी रॉक बॅण्डांपैकी आयर्न मेडन १७ मार्च २००७ला बंगळूरला वाजवून गेले, मेटॅलिका ३० ऑक्टोबर २०११ला. कोल्डप्ले जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबई आणि अहमदाबादला आले, गन्स अँड रोझेस १७ मे २०२५ला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर. या यादीत विदर्भ नाही. त्यामुळे पहिली अडचण अंतराची वाटते, पण खरी अडचण त्याआधी येते, तिकिटाची.

कोल्डप्लेची तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ला दुपारी १२ वाजता खुली झाली, किंमत २,५०० रुपयांपासून पुढे. सप्टेंबरात आपल्याकडे सोयाबीन शेंगेत असतं आणि कापूस बोंडात. हातात पैसा यायचा तो दिवाळीच्या मागेपुढे. थंडीत होणाऱ्या बहुतेक कार्यक्रमांचं असंच असतं, म्हणून तिकिटाचे पैसे उन्हाळ्यापासूनच बाजूला काढलेले बरे.

विक्रीच्या दिवशी गावात बसू नये. लाईट गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की नेट बसतं. तालुक्याच्या ठिकाणी जावं. आदल्या दिवशी ॲपमध्ये लॉगिन करून नाव, मोबाईल नंबर भरून ठेवावा. वेळेच्या १५-२० मिनिटं आधी प्रतीक्षेच्या पानावर शिरावं आणि ते पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करू नये, रांगेतला क्रमांक जाऊ शकतो. पैसे भरायला मोजकीच मिनिटं मिळतात. यूपीआय अडकलं तर कार्ड हाताशी हवं. आणि तिकीट हुकलं म्हणून अनोळखी माणसाकडून क्यूआर कोडचा फोटो विकत घेऊ नका. तोच फोटो त्याने दहा जणांना विकलेला असू शकतो. गेटवर पहिला आत जातो, बाकीचे नऊ बाहेर राहतात.

[दृश्य: वर्धा स्थानक, संध्याकाळ.]

आर्वीहून एसटीने वर्धा, तिथून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. १७ जानेवारीला निघायचं असेल तर १८ नोव्हेंबर ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवावी. परतीचं आरक्षण कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसाचं करावं, कारण विदर्भ एक्स्प्रेस मुंबईहून संध्याकाळीच सुटते आणि तेव्हा मैदानात मुख्य बॅण्डची वाट बघणं चाललेलं असतं.

झाडीपट्टीतलं नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. त्या सवयीने इथे गेलं तर फसगत होते. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर बंद करावे लागतात, मोजक्या दिवशीच १२ पर्यंत सवलत मिळते. म्हणून ८ म्हटलं की ८. गेट दुपारीच उघडतं.

अंगात सुती कपडे, पायात बंद बूट. वर्ध्याच्या ४५ अंशांत वावरलेल्या माणसाला मुंबईचे ३३ अंश काहीच वाटत नाहीत. धोका तिथेच आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि गर्दीत चार तास उभं राहिलं की चक्कर येते. पाण्याची बाटली अनेकदा गेटवरच काढून घेतात. आत गेल्यावर आधी पाण्याची जागा शोधावी, मग स्टेज.

[दृश्य: मैदानाचा नकाशा, वरून.]

सगळ्यांची धाव पुढच्या कठड्याकडे असते. कलाकार जवळून बघायचा तर ती जागा ठीक, ऐकण्यासाठी नाही. गाण्याचे मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात, त्यांचा आवाज पहिल्या रांगांच्या डोक्यावरून पुढे जातो. समोर जमिनीवर असतात बासचे स्पीकर. परिणामी पुढच्याला धडधड भरपूर आणि शब्द पुसट.

मैदानाच्या मधोमध, स्टेजसमोर एक छत दिसेल. त्याखाली साउंड इंजिनिअर मिक्सर घेऊन बसतो आणि त्याच्या कानाला जे पटेल तेच मैदानाला मिळतं. त्या छताच्या थोडं पुढे, मध्यरेषेवर उभं राहावं. डाव्या-उजव्या बासच्या लाटा मध्यरेषेवर एकाच वेळी पोचतात. बाजूला सरकलं तर कुठे त्या एकमेकींना मारतात, कुठे फुगतात. दहा पावलांत फरक कळतो.

दूरच्या धुऱ्यावर कुणी बाभळीवर कुऱ्हाड घातली तर घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. मैदानातही तेच. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १०० मीटरवर पाव सेकंदाहून जास्त उशीर. म्हणून मागच्या गर्दीसाठी वेगळे स्पीकरचे मनोरे असतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. हा हिशेब चुकला की मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

[दृश्य: जवळून. बोटांत फोमचा इअरप्लग.]

कानांचं मात्र मनावर घ्याच. ८५ डेसिबल कान आठ तास सोसतो. पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. कार्यक्रम असतो दोन तासांचा. कापसाचा बोळा इथे जवळपास निकामी आहे. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग थोडक्या पैशांत मिळतात. स्वच्छ हातांनी प्लग वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत, २०-३० सेकंद, बोटाने धरून ठेवायचा. बाहेर लोंबत राहिला तर नीट बसलेला नाही. फोम झांजांचा आवाज जास्त खातो, जमल्यास संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग घ्यावेत. बास दोन्हींत उरतो, कारण तो अंगातूनही येतो.

व्हिडिओ एका गाण्याचा पुरे. एवढ्या आवाजात मोबाईलचा माईक फाटतो आणि घरी आल्यावर फक्त खरखर ऐकू येते. दौऱ्यातल्या आधीच्या शहरांत वाजलेल्या गाण्यांचा क्रम बघून ठेवला तर कोणत्या गाण्याला फोन काढायचा आणि कोणत्याला दोन्ही हात मोकळे ठेवायचे, हे आधीच ठरवता येतं. सोबत्यांशी भेटायची जागाही आधीच ठरवा, गर्दीत फोन लागत नाही.

[दृश्य: रात्रीचं महालक्ष्मी स्थानक. मग दुसऱ्या संध्याकाळची गाडी, खिडकीशी बसलेला चाहता.]

परतीच्या गाडीत इअरफोन पिशवीतच राहू द्यावेत. कानात शिट्टी वाजत असेल तर ती बहुधा दिवसभरात उतरते. वर्ध्याला उतरल्यावरही वाजत राहिली किंवा एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, तर गावची एसटी धरण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं.