एकही सीट नाही, तरी सत्तेत

नमस्कार मंडळी.

आज एका अशा पक्षाबद्दल बोलायचंय जो संसदेच्या निवडणुकीला दोनदा उभा राहिला, दोन्ही वेळा भोपळा, एकही सीट नाही, आणि तरी पुढे साडेचार वर्षं तोच देशातला एकमेव कायदेशीर पक्ष होता. देश नॉर्वे, पक्षाचं नाव नाशुनाल साम्लिंग म्हणजे राष्ट्रीय एकजूट, आणि नेता विदकुन क्विस्लिंग. त्याचं आडनाव तुमच्या कानावरून गेलं असेल, इंग्रजीत फितुराला तेच नाव पडलंय, पण त्या भानगडीत आपण शिरत नाही, कारण मला स्वतःला तो माणूस कमी इंटरेस्टिंग वाटतो आणि त्याचा पक्ष जास्त. म्हणजे हा पक्ष वर का आला नाही, मग एकदम वर कसा बसला, आणि वर बसूनही त्याचं काही का चाललं नाही.

तरी माणसाची थोडी ओळख लागेलच. १८८७ चा जन्म, टेलेमार्क भागातल्या फीरेसडालचा, वडील पाद्री. पोरगा भयंकर हुशार. मिलिटरी अकॅडमीत त्याला जे मार्क पडले तेवढे तोपर्यंत कुणालाच पडले नव्हते. पुढे रशियात पोस्टिंग, आणि १९२२ ला युक्रेनमध्ये दुष्काळ पडला तेव्हा तो फ्रिट्यॉफ नान्सेनच्या हाताखाली मदतकार्याला गेला. नान्सेन म्हणजे ध्रुवाकडे मोहिमा काढणारा, नोबेल शांतता पुरस्कारवाला. आणि तिथे क्विस्लिंगने काम चांगलं केलं हो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मॉस्कोत ब्रिटिशांचं कामकाज काही काळ त्याने सांभाळलं म्हणून ब्रिटिशांनी त्याला किताबसुद्धा दिला, जो नंतर अर्थातच काढून घेतला. १९२९ ला परत आला तो कम्युनिस्टांचा कट्टर द्वेष घेऊन, आणि नॉर्वेला आता एका कडक हाताची गरज आहे असं पक्कं ठरवून. तो हात अर्थातच स्वतःचा.

१९३१ ला शेतकरी पक्षाचं सरकार आलं त्यात हा संरक्षणमंत्री झाला. मंत्री म्हणून काय केलं तर भांडणं. एकदा म्हणाला की ऑफिसात कुणीतरी माझ्या डोळ्यांत मिरपूड टाकून हल्ला केला, त्यावर पेपरवाल्यांनी महिनाभर मजा घेतली. मग संसदेत उभा राहून कामगार पक्षावर देशद्रोहाचा आरोप ठोकला, त्याने मात्र एका वर्गात टाळ्या मिळाल्या. त्या टाळ्यांच्या भरवशावर १७ मे १९३३ ला पक्ष निघाला. १७ मे हा नॉर्वेचा संविधान दिन, पोरंबाळं झेंडे घेऊन रस्त्यावर असतात, म्हणजे आपल्याकडे कुणी २६ जानेवारीचा मुहूर्त धरून संसद मोडायचा पक्ष काढावा तसला प्रकार. सोबत योहान बर्नहार्ड योर्ट नावाचा एक वकील होता, हे नाव लक्षात ठेवा. चिन्ह काय तर सूर्यक्रॉस, लाल कापडावर पिवळा, नॉर्वेचा जुना राजा संत ओलाव्ह याच्या नावाशी जोडलेला. गणवेशातल्या पथकाला नाव दिलं हिर्द, म्हणजे जुन्या राजांचे पदरचे योद्धे. सभा व्हायकिंग काळाच्या जागा बघून. सगळं इतिहासातून उचललेलं, आणि करायची पद्धत जर्मनी-इटलीची.

आता काळ बघा. मंदीचे दिवस. १९३३ ला नॉर्वेत युनियनमधल्या कामगारांपैकी जवळजवळ तीनातला एक घरी बसलेला. शेतकऱ्यांवर कर्ज, जप्त्या, जमिनीचे लिलाव, आणि लिलाव हाणून पाडायला शेतकऱ्यांनी स्वतःची संघटना काढलेली, ती पहिल्या निवडणुकीत याच पक्षाच्या बरोबर होती. बाजूला जर्मनीत हिटलर नुकताच चॅन्सलर झालेला. म्हणजे फॅसिस्ट पक्षाला अजून काय पाहिजे? आणि ऑक्टोबर १९३३ ला निकाल काय लागला, तर जेमतेम २८ हजार मतं, दोन टक्क्यांच्या आसपास. पहिलाच फटका म्हणून सोडून देऊ. पण तीन वर्षं सभा, मिरवणुका, पेपर सगळं केल्यावर १९३६ ला मतं साडेसव्वीस हजार. वाढायच्या ऐवजी घसरली.

यावर एक सोपं उत्तर नेहमी ऐकायला मिळतं, की नॉर्वेची माणसंच मुळात लोकशाहीवादी, समजूतदार. मला हे पटत नाही. समजूतदार माणसं जर्मनीतही खूप होती. नॉर्वेत झालं काय तर १९३३ च्या निवडणुकीत कामगार पक्षाने "सगळ्यांना काम" अशी घोषणा दिली, आणि १५० पैकी ६९ जागा काढल्या. बहुमत नाहीच. मग १९३५ ला या कामगार पक्षाने कुणाशी हात मिळवला? शेतकरी पक्षाशी! ज्याच्या सरकारात क्विस्लिंग मंत्री होता तोच पक्ष. शेतकऱ्यांना मदत आणि मालाच्या भावाला आधार, बदल्यात कामगार पक्षाचं सरकार आणि बेकारांसाठी कामं, आणि पैसा उभा करायला नवीन विक्रीकर, जो खरं तर कामगार पक्षाला अजिबात नको होता पण गिळला. योहान न्यूगोर्सवोल पंतप्रधान झाला. दुसऱ्या वर्षी सत्तरीच्या वरच्या म्हाताऱ्यांना पेन्शनचा कायदा. हा सौदा कुणालाच फार आवडला नव्हता, पण लिलावाच्या भीतीने झोप उडालेला शेतकरी आणि बेकार पोरगा, ही दोन गिऱ्हाईकं क्विस्लिंगच्या दुकानासमोरून निघून गेली ती गेलीच.

वर नेता कसा, तर अबोल, अवघडलेला, भाषण एकसुरी. घरी बसून विश्वाचं एक भलंमोठं तत्त्वज्ञान लिहीत बसायचा, त्याला नाव युनिव्हर्सिझम. पक्ष चालवायला लागणारा माणसांचा नाद त्याला नव्हताच. १९३५ नंतर पक्ष जास्तच जर्मनीच्या वळणावर गेला, ज्यूंविरुद्धची भाषा वाढली, जे देवभोळे, जुन्या वळणाचे लोक आले होते ते गळायला लागले. १९३६ ला त्याच्या पोरांनी रशियातून हद्दपार झालेला कम्युनिस्ट नेता ट्रॉट्स्की नॉर्वेत ज्या घरी आश्रयाला होता तिथे घुसायचा उद्योग केला. १९३७ ला योर्टही सोडून गेला. १९३९ पर्यंत पक्ष म्हणजे नुसती पाटी राहिली होती. इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती, अशा शेकडो पक्षांच्या गोष्टी अशाच संपतात.

पण डिसेंबर १९३९ ला क्विस्लिंग बर्लिनला गेला आणि हिटलरला भेटला. दोनदा. मतपेटीतून जे मिळालं नाही ते दुसऱ्याच्या बंदुकीतून मिळतं का बघायला.

९ एप्रिल १९४०. जर्मन जहाजं रात्रीच्या अंधारात ओस्लोच्या खाडीत शिरली, सगळ्यात पुढे नवीकोरी युद्धनौका ब्ल्यूखर. खाडीत अरुंद जागी ओस्कार्सबोर्गचा किल्ला, तिथल्या तोफा १८९० च्या दशकातल्या, गंमत म्हणजे जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात बनलेल्या, आणि गोळे डागणारे बरेचसे नवशिके सैनिक. कर्नल बिर्गर एरिक्सनने वरून ऑर्डर नसताना फायर केलं. तोफांनी पेटवली, किल्ल्याच्या जुन्या टॉर्पेडोंनी बुडवली. या एका घटनेने काही तास मिळाले, आणि त्या तासांत राजा हाकोन सातवा, मंत्रिमंडळ आणि संसद सकाळच्या ट्रेनने ओस्लोतून सटकले. राजधानी रिकामी, सरकार नाही, आणि जर्मनांच्या हातात राजा नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो मोका क्विस्लिंगने साधला. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास रेडिओ स्टेशनला गेला आणि माईकवर जाहीर केलं की आता पंतप्रधान मी, सैन्याची जमवाजमव बंद करा. मंत्र्यांची नावं वाचून दाखवली, त्यातल्या काहींना विचारलंही नव्हतं!

आपण रेडिओवर बोलतोय म्हणून सांगतो, माईकवरून सत्ता बळकावायचा हा जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी. आणि त्याचा परिणाम बरोबर उलटा झाला. तोपर्यंत सरकारात गोंधळ होता, बोलणी करावी का काय करावं. जर्मन राजदूत दुसऱ्या दिवशी राजाला भेटला आणि म्हणाला क्विस्लिंगला पंतप्रधान करा. राजाने मंत्र्यांना सांगितलं, तुम्हाला मान्य करायचं असेल तर करा, पण मग मी गादी सोडतो, या माणसाला मी नेमणार नाही. मंत्रिमंडळ राजाच्या मागे उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी जर्मन विमानांनी राजा होता त्या गावावरच बॉम्ब टाकले. इकडे सहा दिवसांत जर्मनांनीच क्विस्लिंगला बाजूला केला, कारण याच्यामुळे काम सोपं व्हायच्या ऐवजी अवघड होतंय हे त्यांच्याही लक्षात आलं. वरून टेरबोफन नावाचा कमिशनर पाठवला. सप्टेंबरमध्ये बाकी सगळे पक्ष बंद, फक्त नाशुनाल साम्लिंग चालू. आणि फेब्रुवारी १९४२ ला क्विस्लिंगला मंत्रिअध्यक्ष असं भारदस्त पद मिळालं, खरी सत्ता मात्र टेरबोफनकडेच.

मग सभासद वाढले का? वाढले. नोकरीसाठी, बढतीसाठी, भीतीपोटी, काही खरोखर पटलं म्हणून. सगळ्यात जास्त झाले तेव्हा ४३ हजारांच्या आसपास. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या जवळ. म्हणजे सगळं सरकार हातात, पोलिस हातात, आणि तरी दीड टक्का.

आता पक्षाला करायचं काय होतं तर संसदेच्या जागी व्यवसायांच्या संघटनांची एक परिषद आणायची होती, मुसोलिनीच्या धर्तीवर, आणि त्यासाठी डॉक्टर, शिक्षक, वकील, खेळाडू सगळ्यांच्या संघटना पक्षाच्या दावणीला बांधायच्या. इथेच गाडी अडली. नॉर्वेत माणूस कसल्या ना कसल्या संघटनेचा मेंबर असतोच आणि ती संघटना तो मनावर घेतो. खेळाडूंनी १९४० च्या शेवटालाच स्पर्धांवर बहिष्कार टाकला, तो थेट युद्ध संपेपर्यंत, सरकारी मॅच ठेवायची आणि बघायला कुणी नाही. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनी राजीनामे दिले. बिशपांनीही दिले. पण खरा दणका दिला शाळामास्तरांनी.

फेब्रुवारी १९४२ ला हुकूम निघाला की सगळे शिक्षक नव्या सरकारी संघटनेत आपोआप सामील, आणि मुलांसाठी पक्षाची युवा संघटना सक्तीची. गुपचूप एक मजकूर ठरला, की हे माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून मी त्यात राहू शकत नाही, आणि हजारो शिक्षकांनी तो एकाच दिवशी, आपापल्या सहीने, पोस्टाने पाठवला. मोर्चा नाही, दगड नाही, पत्र. सरकारने शाळाच बंद केल्या, कारण दिलं जळणाच्या टंचाईचं, त्यावर गावागावातून लोक म्हणे जळण आम्ही देतो की! पालकांच्या पत्रांचा ढीग वेगळाच. हजारेक शिक्षक उचलले, कॅम्पात छळ केला, पाचशेहून जास्त जणांना जहाजात कोंबून पार उत्तरेला किर्केनेसला जर्मन सैन्याच्या हमालीला पाठवलं. तरी संघटना उभी राहिलीच नाही. मे महिन्यात क्विस्लिंग एका शाळेत जाऊन शिक्षकांवर ओरडला की तुम्ही माझं सगळं वाटोळं केलंत. ते खरंच होतं. शिक्षक हिवाळ्याच्या तोंडावर घरी आले, आणि ती परिषद कायमची बारगळली.

हां, १९४१ पासून लोकांचे रेडिओ जप्त करायलाही सुरुवात झाली होती, कारण लोक लंडनला निघून गेलेल्या राजाचं भाषण तिथून ऐकायचे. पक्षाच्या सभासदांना मात्र रेडिओ ठेवायची मुभा. म्हणजे कुणाच्या घरातून रेडिओचा आवाज येतोय यावरून आळीला कळायचं.

इथपर्यंत सांगितलं की ऐकणाऱ्याला हा पक्ष हास्यास्पद वाटायला लागतो. मला तिथे जरा थांबवायचंय तुम्हाला. नॉर्वेत तेव्हा ज्यू होते साधारण २१००. क्विस्लिंगने मार्च १९४२ ला संविधानातलं ज्यूंना देशबंदी करणारं जुनं कलम, जे १८५१ ला रद्द झालं होतं, ते परत घातलं. ऑक्टोबरमध्ये पुरुषांची धरपकड आणि मालमत्ता जप्त करायचा कायदा, त्यावर त्याचीच सही. २६ नोव्हेंबरला पहाटे ओस्लोत बायकामुलं उचलायला निघाले ते जर्मन नव्हते, नॉर्वेजियन पोलिस आणि हिर्दची माणसं, आणि त्यासाठी शंभरेक टॅक्सी भाड्याने घेतल्या होत्या. डोनाऊ नावाच्या जहाजातून त्या दिवशी पाचशेहून जास्त माणसं गेली, पुढे आउशवित्झच्या छळछावणीत. सगळे मिळून ७७० च्या वर लोक नेले, परत आले चाळीससुद्धा नाही. बाकीचे बहुतेक स्वीडनला पळाले म्हणून वाचले. शिक्षकांसाठी जी पत्रं निघाली तशी यांच्यासाठी बिशपांचं एक पत्र निघालं, पण टॅक्सी थांबल्या नाहीत. दीड टक्क्यावाल्या पक्षाला यासाठी बहुमत लागलं नाही, याद्या, कारकून आणि हुकूम पाळणारे पोलिस पुरले. नॉर्वेच्या पंतप्रधानांनी याबद्दल माफी मागितली ती २०१२ ला.

शेवट पटकन सांगतो. मे १९४५ ला टेरबोफनने स्वतःला डायनामाइटने उडवून घेतलं, दुसऱ्या दिवशी क्विस्लिंग पोलिसांच्या ताब्यात गेला, खटला चालला, २४ ऑक्टोबरला गोळ्या घातल्या. त्याला धरून २५ नॉर्वेजियनांना मृत्युदंड झाला. पण मोठं प्रकरण सभासदांचं होतं, कारण पक्षाचा मेंबर असणं हाच गुन्हा धरला. नव्वद हजारांच्या वर केसेस तपासल्या, ४६ हजारांच्या आसपास लोकांना कमीजास्त शिक्षा, दंड, नागरी हक्क गेले. ज्याने चार क्रोन वर्गणी भरली तोही त्यात, यावर तिकडे अजून वाद होतात. क्विस्लिंग ज्या हवेलीत राहायचा ती ओस्लोतल्या बिगडोयला आहे, तिथे आता ज्यू हत्याकांडाच्या अभ्यासाचं केंद्र आहे.

आणि योर्ट, ज्याचं नाव लक्षात ठेवा म्हटलं होतं. पक्ष काढणाऱ्यांतला हा माणूस, त्याने १९४१ ला जर्मनांविरुद्ध लिहिलं म्हणून त्याला अटक झाली, मग जर्मनीत बर्लिनजवळ एका इस्टेटीवर कुटुंबासकट नजरकैदेत. तिथे बसून घरच्यांनी आणि मित्रांनी जर्मन तुरुंगांत कुठे कुठे नॉर्वेचे कैदी आहेत याच्या याद्या बनवल्या, हजारो नावं. १९४५ ला स्वीडिश रेड क्रॉसच्या पांढऱ्या बसेस कैदी सोडवायला गेल्या तेव्हा त्या याद्या कामी आल्या. नंतर तो ओस्लोत वकिली करत राहिला, नावाजलेला वकील म्हणून, १९६९ पर्यंत जगला. याचा हिशोब कसा मांडायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही, तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.