पाच ठेवा

सकाळचे साडेदहा, पुण्यातला अप्पा बळवंत चौक, पुस्तकांच्या दुकानांचा. इथं गाडी लावायला जागा शोधणं हाच खरंतर एका वेगळ्या डॉक्युमेंटरीचा विषय आहे, तो परत कधीतरी. तर ह्या ताई, स्वतःची कादंबरी दुकानोदुकानी द्यायला निघालेल्या, आणि मी कॅमेरा घेऊन त्यांच्या मागं. अ‍ॅक्टिव्हाच्या पुढं पायाशी सुतळीनं बांधलेला गठ्ठा, वीस प्रती, सिंहगड रोडवरून आल्यात आणि हे त्यांचं आजचं चौथं दुकान. आधीच्या तीन दुकानांत काय झालं ते चेहऱ्यावर दिसतंय, त्यामुळे मी सांगत नाही.

दुकानदार पुस्तक हातात घेतात, उलटं करून किंमत बघतात, मग जाडी बघतात, मग म्हणतात, "कादंबरी का? पाच ठेवा मॅडम."

पाच ठेवा म्हणजे विकत घेतली असं नाही बरं का. विकली तर पैसे, नाही विकली तर तीनेक महिन्यांनी येऊन घेऊन जा. आणि दुकानदारावर राग काढण्यात अर्थ नाही, ह्या चौकात गर्दी असते ती एमपीएससीची पुस्तकं, शाळेची गाईडं, इंजिनिअरिंगचे सेट घेणाऱ्यांची, कादंबरी मागणारा दिवसाला असा कितीसा येणार, आणि आला तरी तो नाव घेऊनच येतो ना, अमक्याचं तमकं पुस्तक आहे का म्हणून. जे नाव त्यानं ऐकलंच नाही ते तो काउंटरवर मागणार कसं?

ताईंनी पाच ठेवल्या. उरलेल्या पंधरा परत गाडीवर.

आता ह्यांचा हिशेब बघू, वहीतच लिहिलाय त्यांनी. पाचशे प्रती, स्वतःच्या पैशानं छापलेल्या. किंमत साडेतीनशे. दुकानाला चाळीस टक्के गेले की उरले दोनशे दहा. छपाई एका प्रतीला एकशे पाच पडली. उरले एकशे पाच, त्यातून डीटीपी म्हणजे अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, टेम्पो. प्रकाशकाकडून आली असती तर हे सगळं त्याच्या डोक्यावर, पण मग साधारण दहा टक्के मानधन धरलं तर प्रतीमागे पस्तीस रुपये, ते पण वर्षाच्या शेवटी, विचारलं तर. (मी स्वतः एकदा ह्या वाटेनं गेलोय. एका वितरकानं माझ्या शंभर प्रती नेल्या आणि त्यानंतर त्याचा फोन कायम दुसऱ्या कॉलवरच. असो.)

पुण्यात कादंबरीला वाचक नव्हता का? तसं म्हणता यायचं नाही. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ ची. आणि अप्पा बळवंत चौकापासून चालत पाच मिनिटांवर ही जी वास्तू दिसतीय, आनंदाश्रम, ह्याचा कारभार बघायचे हरि नारायण आपटे. हेच ते ह. ना. आपटे, कादंबरीकार. १८९० साली त्यांनी 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः छापल्या. 'पण लक्षात कोण घेतो' अशीच आली, तुकड्यातुकड्यानं, आठवड्याला थोडी. त्यातल्या यमूचं, म्हणजे नायिकेचं, पुढं काय होणार हे घराघरात बोललं जायचं ते पुस्तक हातात यायच्या आधी. आपण ह्याला आज कंटेंट मार्केटिंग म्हणतो आणि त्याचा कोर्स विकतो. त्यांच्याकडं फक्त अंक होता, पुढच्या आठवड्याची वाट बघणारी माणसं होती, आणि पुस्तक बांधून आलं तेव्हा ते कशाबद्दल आहे हे कुणाला समजावून सांगायची वेळच येत नव्हती.

नंतर हे काम मासिकांनी केलं, दिवाळी अंकांनी केलं. 'मनोरंजन'नं १९०९ ला पहिला दिवाळी अंक काढला तिथून ती रीतच पडली, की नवा लेखक लोकांना आधी अंकात भेटायचा आणि मग पुस्तकात. आणि वाचनालयं. गल्लीतलं वाचनालय, तिथला माणूस, "हे न्या, परवाच आलंय, आमच्याकडं नंबर लागलेत" असं म्हणायचा, आणि त्या एका वाक्यानं जेवढी पुस्तकं घरोघर गेली असतील तेवढी जाहिरातीनं गेली नसतील हे माझं मत. तो माणूस आता बराचसा गेला. त्याची जागा आम्ही प्रकाशन समारंभाला दिली.

टिळक रस्ता, साहित्य परिषदेचं सभागृह. संध्याकाळी साडेपाचचा कार्यक्रम म्हणजे सहाला सुरू. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, रोपटं देऊन स्वागत. प्रमुख पाहुणे "मी हे पुस्तक कालच रात्री हातात घेतलं" म्हणतात, तेव्हा समजायचं की मलपृष्ठ वाचलंय. अध्यक्ष मराठी वाचकसंस्कृतीवर पंचवीस मिनिटं. पहिल्या दोन रांगा लेखकाचे नातेवाईक, तिसरी ऑफिसवाले, मागं चार-पाच असे आजोबा जे पुण्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाला असतात आणि प्रश्न विचारतात. बाहेर टेबलावर तीनशे पन्नासचं पुस्तक आज फक्त अडीचशेला. ताईंच्या वेळी ऐंशी माणसं होती, बटाटेवडे एकशेवीस गेले आणि पुस्तकं छत्तीस. छत्तीसमधली एकवीस माहेरची.

मी चेष्टा करतोय पण पूर्ण चेष्टा नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन कॉलम बातमी येते, फोटो येतो, आई खूश होते. पण त्या हॉलमध्ये बसलेल्यांना पुस्तक कळणारच होतं, त्यांच्यासाठी हॉल घ्यायची गरज नव्हती. बाहेरचा एक माणूस आला असता तर त्याचा उपयोग.

आणि मग सप्रेम भेट. ह्यावर मला जरा थांबायचंय. मराठी लेखक पुस्तक आलं की पहिलं काम करतो ते वाटायचं. समीक्षक, संपादक, सिनिअर लेखक, शाळेतल्या बाई, एका राजकारण्याचे पीए. ताईंनी पंचाहत्तर वाटल्या. अभिप्राय आले नऊ, त्यातले पाच म्हणजे अंगठा. माझ्या स्वतःच्या कादंबरीची एक प्रत मला तीन वर्षांनी डेक्कनला फुटपाथवर मिळाली, ढिगात, कुठलंही घ्या साठ रुपये. उघडली तर पहिल्या पानावर माझंच अक्षर, "आदरणीय सरांना सप्रेम भेट." पान सोळाच्या पुढं पानं एकमेकांना चिकटलेली, म्हणजे छापखान्यात कटिंग राहिलेलं, म्हणजे सरांनी सोळापर्यंत वाचली की उघडलीच नाही हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. विकत घेतली मी ती. साठ रुपये. घासाघीस नाही केली.

ताईंनी सप्रेम भेट बंद केली, हे त्यांच्या नवऱ्यालाही पटलं नाही तेव्हा. त्याऐवजी काय सुरू केलं ते बघण्यासारखं आहे. दर रविवारी रात्री नऊला, भांडी आवरली की, स्वयंपाकघरातच दार लावून मोबाइलवर एक पान वाचून रेकॉर्ड करतात. मागं फ्रिजचा आवाज येतो, तो पण काढत नाहीत. साडेतीन-चार मिनिटं. ती ऑडिओ व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर जाते. आता ब्रॉडकास्टची गंमत माहितीये का, एका लिस्टला २५६ माणसं, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, बाकीच्यांना जातच नाही. म्हणजे फेसबुकवर पाच हजार मित्र असून ढिम्म, आणि इथं ज्याला खरंच ऐकायचंय तो स्वतःहून नंबर सेव्ह करून "मला पण पाठवा" म्हणतो. सुरुवातीला चौदा माणसं होती. आता दुसरी लिस्ट भरत आलीये. आणि पान मधेच तोडतात त्या, मुद्दाम, वाक्य संपलं की नाही एवढंच बघून. ह. ना. आपट्यांचा आठवड्याचा अंक आणि हे, मला तरी फार फरक दिसत नाही, फ्रिज सोडला तर.

असंच काहीसं इंग्रजीतही झालंय. अमीश त्रिपाठींनी २०१० ला पहिली कादंबरी आणली तेव्हा पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांत फुकट ठेवायला दिलं होतं. पुस्तक घ्या म्हणायच्या आधी हे वाचून तर बघा म्हणायचं. किंडलवर सुरुवातीची काही पानं फुकट वाचता येतात तीही तीच कल्पना. आमचे लेखक मात्र मुखपृष्ठाचा फोटो टाकतात, खाली "आजच मागवा", मग आठ दिवसांनी परत तोच फोटो. अरे पण आत काय आहे?

रील्स पण केले ताईंनी. पुस्तक हातात धरून फिरवायचा रील केला, त्याला दोनशे व्ह्यूज. मग एकदा कादंबरीतला जो वाडा आहे, कसब्यातला, पाडला गेलेला, त्याच्या जागेसमोर उभं राहून फक्त एवढं सांगितलं की इथं जिना होता आणि जिन्याखाली कोळशाची खोली होती आणि त्या खोलीत माझी आत्या लपून पुस्तकं वाचायची. पुस्तकाचं नावसुद्धा घेतलं नाही. तो फिरला. "आमच्याकडं पण कोळशाची खोली होती" अशा कमेंटांचा पाऊस, नारायण पेठ, शनिवार पेठ, थेट न्यू जर्सी, आणि त्यातल्या त्यात तिघा-चौघांनी विचारलं, आत्याचं पुढं काय झालं? ते तिघे-चौघे म्हणजे वाचक. बाकीचे वाड्यावर प्रेम करणारे लोक, चांगले आहेत, पण वेगळे.

ऑर्डर आली की पुस्तक कसं जातं तेही दाखवतो कारण हे कुणी सांगत नाही. पूर्वी पोस्टाची रजिस्टर्ड पुस्तकांची स्वस्त सेवा होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आणि छोटे प्रकाशक अक्षरशः हवालदिल झाले, दीडशेच्या पुस्तकाला ऐंशी रुपये कुरिअर कोण देणार. मग मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट आलं, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोला शंभर. ताईंचं पुस्तक दोनशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. पुठ्ठा घातला की तीनशेच्या वर. म्हणून हा पातळ खाकी कागद, दोन घड्या, चिकटपट्टी कडेलाच, आणि स्वयंपाकघरातला काटा, त्यावर आधी पीठ मोजलं होतं ते अजून दिसतंय. दोनशे सत्त्याण्णव. बसलं.

आणि ही वही. कुणी घेतलं, कुठून कळलं, वाचून काय म्हणाले. पान भरून "मावशीकडून", "ऑडिओ", "ऑडिओ", "कोळशाची खोली", "मैत्रिणीनं दिलं". प्रकाशन समारंभ असं एकाच ठिकाणी लिहिलंय, तो पण फोटोग्राफर होता.

डिसेंबर. फर्ग्युसनचं मैदान, पुणे पुस्तक महोत्सव, २०२३ पासून भरतोय. धूळ, गर्दी, शाळांच्या रांगा, सेल्फी. एका ओळखीच्या प्रकाशकानं स्टॉलवर ताईंना एक कोपरा दिलाय. मी कॅमेरा लांब लावला आणि नुसतं बघत बसलो लोक कादंबरी कशी उचलतात ते. आधी मुखपृष्ठ. मग उलटी करून किंमत. मग मलपृष्ठ, पण तीनच ओळी. मग मधलं कुठलंतरी पान, आणि तिथंच ठरतं. बहुतेक जण ठेवतात. ताई उभ्या असतात पण बोलत नाहीत, कारण लेखक बोलायला लागला की माणूस संकोचून पुस्तक ठेवतो हे त्यांनी पहिल्या दिवशीच बघितलंय.

चौथ्या दिवशी ही मुलगी आली. पाठीला सॅक, एमपीएससीवाली असावी, सॅकमधून पंचायत राजचं पुस्तक डोकावतंय. उभ्याउभ्या वाचायला लागली, पहिल्या पानापासून. गर्दीनं धक्के बसतायत, सरकते आणि वाचते. सहा मिनिटं, मी टायमर बघितला. मग मिटलं, किंमत बघितली, ठेवलं. गेली. ताईंनी माझ्याकडं बघितलं, मी कॅमेऱ्याकडं.

संध्याकाळी सातला, लाइट लागले होते, ती परत आली. पुस्तक नाही उचललं. ताईंनाच विचारलं, स्टॉलवरच्या बाई असाव्यात अशा समजुतीनं.

"काकू, ती आत्या त्या खोलीतून बाहेर येते का?"

ताई म्हणाल्या, "मी नाही सांगणार."

मुलीनं दोन सेकंद बघितलं. मग फोन काढला, "स्कॅनर कुठाय?"