बिनवजनाचा गळ

दृश्य : ड्रोन. साक्री तालुका. कांद्याची रानं आणि मधोमध हिरवट पाण्याचा चौकोन.

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली, तिच्यातलं हे तेव्हाचं सगळ्यात मोठं माप. धुळे जिल्ह्यात अशी तळी आता जागोजाग दिसतात. विहिरीला पाणी आहे तोवर भरून घ्यायची आणि पुढे कांद्याला, डाळिंबाला पुरवून पुरवून द्यायची. या तळ्याच्या मालकांनी त्यात रोहू, कटला आणि मृगळाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, कुणी सोडली हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. ती आपली आली.

काठावर उभी असलेली ही मंडळी इथे फ्लायने, म्हणजे पिसं-दोऱ्याच्या बनावट किड्याने, ट्राउट हा गार पाण्यातला मासा धरायला शिकताहेत.

तळ्यात ट्राउट नाही, आणि असणारही नाही. त्याला पाणी लागतं १० ते १६ अंशांचं. २० च्या वर तो कासावीस होतो, २५ च्या आसपास जगणं कठीण. मे महिन्यात धुळ्याचा पारा ४२ च्या पुढे जातो. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो : १० अंशांच्या लिटरभर पाण्यात ११ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. मग तोरणमाळला जमेल का, असं इथला प्रत्येक जण विचारतो. तिथला यशवंत तलाव हजार मीटरच्या वर आहे, हिवाळ्यात तिथे कडाका पडतो, सगळं खरं. पण ट्राउटला गारवा बाराही महिने हवा. वैशाखाचं काय करणार?

ट्राउट धरायचा तो हिमाचलात. इथे शिकायची ती दोरी फेकायला.

दृश्य : संथ गतीत पिवळी दोरी हवेत उलगडते.

बाजरीच्या माळ्यावर गोफण फिरवलेले हात खानदेशात अजून आहेत. गोफणीत धोंडा जड असतो, तो सुटतो आणि लांब जातो. साध्या गळाचंही तेच. टोकाला शिसं असतं, ते तंगूस ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये गोफण आहे, धोंडाच नाही. गळावर दोन पिसं आणि चार वेढे दोरा, त्याचं वजन ते काय! इथे वजन दोरीत भरलेलं असतं. या चित्रात दिसतेय ती पाच नंबरची दोरी. तिच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम. ते ९ ग्रॅम हवेत तोलून धरायचे, म्हणजे टोकाचा फ्लाय आपोआप जागेवर जातो.

शिकवणारे काका भुसावळला रेल्वेत होते. सुट्टीचे पास आणि कुलूचा नाद, एवढ्यावर त्यांनी हे मिळवलं. त्यांचा हात बघा. मागे जातो आणि थांबतो. या थांबण्यातच सगळी मेख आहे. मागे गेलेली दोरी हवेत पुरती सरळ होऊ द्यायची, मग हात पुढे. घाई केली की सट्‌कन आवाज येतो आणि फ्लाय तुटून कांद्यात जाऊन पडतो. तो शोधत बसलेल्या मुलांचं चित्रण आमच्याकडे भरपूर आहे.

काठीची चाल घड्याळाच्या आकड्यांत सांगतात. पुढे दहावर, मागे एकवर. मनगट सैल पडलं की काठीचं टोक कमान काढतं आणि हवेतल्या दोरीचा वेढा रुंद होतो. टोक सरळ रेषेत चाललं तर वेढा अरुंद राहतो, आणि अरुंद वेढाच वारा कापतो. साक्रीच्या माळावर वाऱ्याला तोटा नाही.

पांझरेकाठचा हा भोई समाजातला तरुण. फेकजाळं त्याच्या हातात लहानपणापासून आहे. कमरेतून वळून, खांदा-मनगट झोकून जाळं गोल उघडायची त्याला सवय. मनगट आवरायला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला. पण पाण्यावरची नजर? काठावर उभं राहून मासा कुठल्या कोपऱ्यात फिरतोय ते तो सांगतो, आणि काका मुकाट्याने तिकडे वळतात.

दृश्य : तारेचं कुंपण, त्यात अडकलेली पिवळी दोरी.

शेततळ्याला कुंपण असतं, असायलाच हवं. त्यामुळे दोरी मागे फेकायला जागा उरत नाही. म्हणून काकांनी आधी रोल कास्ट शिकवला. दोरी मागे न्यायचीच नाही. काठी सावकाश उचलत कानापर्यंत आणायची, दोरीची झोळी खांद्यामागे लोंबू द्यायची, आणि पुढे झटका. पाण्याचा चिकटा दोरीला धरून ठेवतो, त्या ओढीवर काठी वाकते आणि वेढा पाण्यावरून घरंगळत जातो. पूर्ण दोरी साधारण ९० फूट, म्हणजे जवळपास तळ्याच्या रुंदीएवढी. तेवढी कुणी फेकत नाही. ३० फूट नीट पडली तरी मासे लागतात.

मालक बाजूला बसून हे सगळं बघतात. त्यांचा अहिराणीतला पहिला प्रश्न ध्वनिमुद्रणात सापडला : ‘‘आरे भो, गयले काहीच नही, मासा लागी कसा?’’ गळाला तर काहीच नाही, मग मासा लागेल कसा?

दृश्य : अगदी जवळून. चिमटीएवढ्या व्हाइसच्या पकडीत गळ, मुलीची बोटं.

उत्तर त्यांच्याच मुलीच्या हातात आहे. ती बी.एस्सी.ला आहे. गळ बारा नंबरचा. त्यावर शिंप्याकडचा लाल दोरा वेढ्याला वेढा लावून. त्यावर तांब्याची बारीक तार तिरकी गुंडाळलेली, ही जळालेल्या पाणबुडी मोटरच्या वाइंडिंगमधली. घरची मोटर जळाली की ही तार फुकट. डोक्याशी कोंबड्याच्या मानेच्या पिसाचा एक तंतू, पिंपळनेरच्या चिकनवाल्याकडून आणलेला. शेवटी गाठ आणि नखपॉलिशचा थेंब. बाजारात असा एक फ्लाय बऱ्यापैकी महाग पडतो. इथे खर्च फक्त गळाचा.

लालच का, ते बादलीत दिसतं. तळ्याच्या तळाचा गाळ उपसला की त्यात लाल, वळवळणाऱ्या अळ्या निघतात. दिसायला डासाच्या भावकीतला, पण न चावणारा एक किडा असतो, त्याच्या या अळ्या. गाळात प्राणवायू कमी, म्हणून त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन, म्हणून लाल. चिलापी त्या खाते. आणि इंग्लंडातल्या तलावांत सोडलेल्या ट्राउटचं रोजचं खाणंही हेच. सॉमरसेटमधल्या ब्लॅगडन तलावावर १९०४ पासून अशी मासेमारी चालते. किडा त्याच कुळातला, तळं आपलं. अभ्यासाला आणखी काय हवं?

दृश्य : दोरी ताठ होते. पाण्यात चंदेरी उलट. हातजाळं.

चिलापी. वीतभर.

दृश्य : देवदार, पांढरं पाणी, सिमेंटच्या लांबट टाक्या.

कुलू. ब्रिटिशांनी १९०९ च्या सुमारास इथे ब्राउन ट्राउट आणला. पतलीकुहलचं सरकारी ट्राउट केंद्र पुढे नॉर्वेच्या मदतीने वाढलं. गार पाणी टाक्यांतून सतत वाहतं ठेवायचं, त्यात रेनबो ट्राउट वाढवायचा. हे तळं एका खासगी फार्मचं. पैसे भरायचे, काठी टाकायची. हे मासे दाणेदार खाद्यावर वाढलेले. नवीन सोडलेला मासा पाण्यात काहीही पडलं की धावतो. जुना झालेला तोंडाशी येऊन परत फिरतो. नवशिक्याने कुठल्या दिवशी जावं ते फार्मवाल्याला विचारावं, त्यात लाज नाही. फार्मवाले खरं सांगतात.

आमची मंडळी पोहोचली तेव्हा तळ्यातले मासे जुने होते.

मुलगी सकाळभर फेकत राहिली. तोच लाल फ्लाय, तीच तांब्याची तार. काका दोनच शब्द बोलले : ‘‘ताई, हळू.’’ डाव्या हाताने दोरी बोट-बोट ओढायची, थांबायचं, परत ओढायची. दोरी पाण्यात शिरते तिथे नजर. तिथली दोरी एकदम सरळ झाली, तिने काठी उचलली.

दृश्य : मासा ओल्या हातात. अंगभर काळे ठिपके, कुशीवर गुलाबी पट्टा, शेपटीच्या अलीकडे छोटा मांसल पर.

हात आधी भिजवलेला आहे. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे बुरशीने मरू शकतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच चेपलेला होता. सुटायला क्षणही लागला नाही.

नदीतल्या ट्राउटसाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी नद्या बंद असतात. ट्राउट आल्यावर तिथला मूळचा ‘असला’ नावाचा मासा मागे हटला, असं अभ्यासक सांगतात.

दृश्य : पुन्हा साक्री. पाणी झिरपू नये म्हणून तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवर ठिगळ.

आपल्याकडच्या धरणांत ठेका मच्छीमार संस्थांचा, तिथे विचारल्याशिवाय काठी नको. शेततळ्यात उन्हाळ्यात गळाला लागून परत सोडलेले काही मासे दुसऱ्या दिवशी मरून तरंगले. गळाने प्लास्टिक फाटलं, पाणी झिरपलं. प्लास्टिकवरून माणूस घसरला तर एकट्याला वर येता येत नाही, म्हणून कडेला गाठी मारलेला दोर आणि ट्यूब आहे.

मालकांनी तळं पुढच्या तुकडीलाही द्यायचं कबूल केलंय. काठावर गोणपाट अंथरायचं, फेकायचं ते ठरलेल्या एकाच कोपऱ्यातून, आणि होळीनंतर काठी बंद. वर्षातून एकदा जाळं ओढून मासे विकण्यापेक्षा काठीमागे रोजचे पैसे बरे, हा हिशेब त्यांनी स्वतःच मांडून दाखवला. दर काठीला किती, यावर काकांशी अजून घासाघीस चालू आहे. भोई तरुणाचं म्हणणं, मासा कुठे आहे ते मी दाखवणार, तर त्यात माझाही वाटा धरा.