सुरी कुणाच्या हातात? मासळीवरचं आयात शुल्क आणि प्रादेशिक करार

मित्रहो, व्यापार करार झाला की लगेच चर्चा सुरू होते ती टक्क्यांची. मासळीवरचं शुल्क किती होतं, आता किती झालं? मला वाटतं, त्याआधी विचारायला हवं की हे शुल्क कुठल्या मासळीवर आहे. अख्ख्या, बर्फातल्या मासळीवर, की साफ करून, शिजवून डब्यात भरलेल्या?

नॉर्वेचं उदाहरण घेऊ. हा देश १९९४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रात, म्हणजे युरोपीय संघ आणि काही शेजारी देशांच्या सामाईक बाजारपेठेत आहे, पण मासळी त्या मोकळ्या व्यापारातून बरीचशी बाहेरच राहिली. नॉर्वेच्या ताज्या सॅल्मनवर युरोपीय संघ २ टक्के शुल्क घेतो आणि स्मोक्ड सॅल्मनवर १३ टक्के. फरक ११ टक्क्यांचा दिसतो, पण जरा हिशेब मांडू. समजा, कच्चा मासा १०० युरोंचा आहे. धुरी देऊन, पातळ काप करून, पाकिटात भरल्यावर तो १८० चा झाला. कच्चा पाठवला तर शुल्क २ युरो, तयार पाठवला तर २३.४० युरो. म्हणजे ८० युरोंच्या कामासाठी २१.४० युरो जास्तीचे मोजायचे. हे झाले जवळजवळ २७ टक्के! आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण शुल्काचा खरा बोजा माशावर नसून माणसाच्या कामावर पडतो, हे त्यातून दिसतं. म्हणूनच नॉर्वेचा सॅल्मन मोठ्या प्रमाणात पोलंडला जातो, तिथे धुरी घेतो आणि जर्मनीत खपतो. पोलंडमधली कमी मजुरी हेही मोठं कारण आहेच. शुल्काने त्याला आणखी जोर दिला.

नॉर्वे श्रीमंत आहे, त्याला हे झेपतं. गरीब देशाचं काय? डबाबंद ट्यूनावर युरोपीय संघाचं सर्वसाधारण शुल्क २४ टक्के. करारात ते शून्य झालं, तरी पुढे मूळ देशाचा नियम, म्हणजे माल नेमका कुठल्या देशाचा मानायचा हे ठरवणारा नियम, आडवा येतो. १२ सागरी मैलांपलीकडे पकडलेला मासा कोणत्या देशाचा, हे बोटीचा झेंडा आणि मालकी ठरवते. ज्या देशाकडे स्वतःच्या मोठ्या बोटी नाहीत, त्याच्या कारखान्यातला डबा कागदोपत्री परकाच. २००९ साली युरोपीय संघाशी सही झालेल्या करारात पॅसिफिक महासागरातल्या पापुआ न्यू गिनी या देशाला इथे सूट मिळाली: मासा कुणीही पकडलेला असो, प्रक्रिया तिथे झाली की माल तिथला. शुल्काच्या आकड्याइतकंच, किंबहुना जास्तच, मोल मी या एका कलमाला देतो. तिथल्या कारखान्यांत मासे सोलायला, साफ करायला बसतात त्या बहुतांशी बायका. त्यांच्या हातची सुरी या कलमावर टिकून आहे. स्पेनच्या डबाबंद मासळीवाल्यांनी त्याला कडाडून विरोध केला, यातच त्याचं वजन कळतं.

कोटा हा आणखी एक अडसर. व्हिएतनामचा युरोपीय संघाशी करार १ ऑगस्ट २०२० ला अमलात आला. त्यात डबाबंद ट्यूनाला शुल्कमाफी आहे, पण वर्षाला ११,५०० टनांपुरतीच.

करारामुळे स्वस्त विक्रेत्याऐवजी केवळ सवलतवाला विक्रेता पुढे येऊ शकतो, हे अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी १९५० मध्येच दाखवलं होतं. मासळीत हे धोकादायक आहे, कारण सवलत नसलेल्या विक्रेत्याची मासळी थांबत नाही. शुल्क वाढलं म्हणून सिमेंट गोदामात ठेवता येतं. ताजा मासा धक्क्यावर उतरला की तासातासाला भाव उतरतो, आणि घेणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून ताज्या मासळीवरच्या शुल्काचा मोठा वाटा शेवटी पकडणाऱ्याच्या खिशातून जातो. डबा मात्र वर्षानुवर्षं टिकतो. एका बाजारात शुल्क वाढलं, तर दुसरा गाठता येतो, भाव पडला तर थांबता येतं. तयार मालावर चढं शुल्क लावणारा देश गरीब देशाकडून हे थांबणंच काढून घेतो.