पुलाखालून बघितलेली नदी

[पहाट. पुलाखालचं पाणी. वल्ह्याचा आवाज.]

रोज ज्या पुलावरून आपण गाडी काढतो त्याच पुलाखालून कयाकने, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीने, गेलं ना की शहर वेगळंच वाटतं. वर ट्रॅफिक चालूच असतो पण खाली त्याची नुसती घरघर ऐकू येते, हवा एकदम गार लागते, आणि आपले डोळे पाण्यापासून जेमतेम दीड हात वर. इमारतींची मागची बाजू दिसते, भिंतीवर मागच्या पुराची रेघ दिसते आणि काठाला उघडणारी ड्रेनेजची तोंडंसुद्धा, जी रस्त्यावरून कधीच दिसत नाहीत. मला वाटतं नदीची खरी हालत काय आहे ते इथूनच कळतं.

[काँक्रीटचं रुंद पात्र, मधोमध पाण्याची बारीक धार.]

ही लॉस एंजेलिसची नदी. 1938 च्या मोठ्या पुरानंतर सरकारने जवळजवळ अख्खी नदी काँक्रीटमध्ये बांधून काढली, 51 मैल, म्हणजे साधारण 82 किलोमीटर, आणि मग हळूहळू लोक तिला नदी म्हणायचंच विसरले, पुराचं पाणी समुद्रात सोडायचा एक मोठा नाला एवढीच ओळख उरली. पुढे प्रश्न आला कायद्याचा. अमेरिकेतला स्वच्छ पाण्याचा कायदा कुठल्या पाण्याला लागू होणार हे बरंचसं त्यात होडी चालू शकते का यावर ठरत होतं, आणि या नदीचा फक्त थोडासा भाग होडी चालण्यासारखा आहे असं सरकारी इंजिनियर म्हणत होते. तेव्हा 2008 मध्ये काही जण कयाक आणि कनू (वरून उघडी लांबट होडी) घेऊन सरळ नदीत उतरले, परवानगी न घेता, आणि तीन दिवसांत समुद्रापर्यंत पोचले. काही ठिकाणी बोट ओढत न्यावी लागली तरी चालेल, पण जायचंच. 2010 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने पूर्ण नदी नौकानयनाला योग्य म्हणून जाहीर केली आणि कायद्याचं संरक्षण तिला आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांनाही मिळालं. या निर्णयात त्या तीन दिवसांच्या प्रवासाचा मोठा वाटा होता. मला ही गोष्ट प्रत्येक वेळी सांगावीशी वाटते. 2013 पासून तिथे उन्हाळ्यात लोकांना रीतसर कयाक चालवता येते, तेही जिथे खालून भूजल वर येतं म्हणून तळाला काँक्रीट टाकताच आलं नाही अशा पट्ट्यात, जिथे विलोची झाडं आहेत आणि बगळे उभे असतात.

[पुलाचा खांब, त्यावर आदळणारं पाणी.]

पण शहरातली नदी शांत दिसली तरी तिला गृहीत धरू नका. काठाला उभ्या भिंती असल्या की लाट भिंतीला आपटून परत येते, म्हणून एक मोठी बोट गेली तरी पाणी बराच वेळ हलत राहतं. प्रवाहाने कयाक आडवी होऊन खांबाला जाऊन टेकली तर घाबरून खांबापासून लांब झुकायचं नाही, खांबाकडेच झुकायचं, नाहीतर वरून येणारं पाणी बोटीत घुसून ती उलटते. आणि छोटे बंधारे! वरच्या बाजूने नुसती एक सरळ रेघ दिसते, धोका जाणवतच नाही, पण खाली पडलेलं पाणी परत बंधाऱ्याकडेच वळत राहतं आणि त्यात अडकलेल्या माणसाला लाईफ जॅकेट असूनही बाहेर पडता येत नाही. तिथे काठाला लागायचं, बोट उचलायची आणि चालत पुढे जायचं. त्यासाठी आधी काठावर फिरून बाहेर पडायच्या जागा बघून ठेवा, कारण भिंत सुरू झाली की लांबपर्यंत एक शिडीसुद्धा मिळत नाही.

[पाऊस. पाइपातून कोसळणारं काळं पाणी.]

पावसानंतर दोन-तीन दिवस थांबायचं. बऱ्याच जुन्या शहरांत सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपातून जातं, जोराचा पाऊस झाला की पाइप भरतो आणि सगळं नदीत येतं. लंडनने यासाठी थेम्सच्या बाजूने 25 किलोमीटरचा बोगदा खणला, तो 2025 मध्ये पूर्ण चालू झाला. शिकागोत नदीचा एक फाटा आहे, बबली क्रीक, तिथे एकेकाळी कत्तलखान्यांची घाण सोडायचे, ते कत्तलखाने 1971 मध्येच बंद झाले पण तळाशी साठलेलं अजून कुजतंय आणि कयाकच्या बाजूने आजही बुडबुडे वर येताना दिसतात. अर्धं शतक उलटलं तरी.

[हिरवी कयाक, दोघं जण, मध्ये बादली.]

कोपनहेगनमध्ये 2017 ला एक साधी कल्पना सुरू झाली, कयाक फुकट घ्या, दोन तास फिरा, फक्त जाताना पाण्यातला कचरा उचलून आणा. परत आल्यावर कचऱ्याचं वजन होतं. बाटल्या, पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, काय काय निघतं. आणि ज्याने स्वतःच्या हाताने ती बादली भरलीय तो परत पुलावरून जाताना गाडीची काच खाली करतो आणि पाणी आज कसंय ते बघतो.